टिप टक्क्यांत काढायची की मनाला येईल तशी?

काठावरपास: आमच्या ग्रुपमध्ये जेवणापेक्षा टिपवरचा वादच जास्त रंगतो. एक म्हणतो दहा टक्के. दुसऱ्याने कुठेतरी वाचलंय, वीसच्या खाली दिली तर अपमान. तिसरा उरलेले सुट्टे ठेवून मोकळा! टक्के टॅक्स धरून काढायचे की सोडून? आणि सर्व्हिस चार्ज लावलेला असेल तर वर पुन्हा द्यायची का?

जुना_कॅप्टन: हॉटेल लाइनमध्ये बरीच वर्षं काढली, आधी वेटर, मग कॅप्टन, म्हणजे वेटरांचा म्होरक्या. ते वीस टक्के अमेरिकेतले, तिथेच ठेवा. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने स्वतःच्या खिशातून तासाला निदान 2.13 डॉलर द्यावेत, एवढंच तिथला केंद्रीय कायदा म्हणतो, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. (काही राज्यांत जास्त आहे.) म्हणजे पगाराचा मोठा वाटा गिऱ्हाइकाच्या खिशातून. फ्रान्समध्ये सेवेचे पैसे मेनूतल्या भावातच धरलेले असतात, वर ठेवाल ते खुशीचं. जिथे वेटरला पूर्ण पगार आहे तिथे माझ्या मते पाच ते दहा टक्के भरपूर झाले. आणि टॅक्स सोडूनच काढा हो, सरकारच्या पैशांवर कसली टिप!

सर्व्हिस चार्ज आधी मालकाकडे जातो. पुढे किती झिरपतो ते मालकावर. वेटरला हळूच विचारा, "हा तुम्हाला मिळतो का?" उत्तर द्यायच्या आधी त्याची नजर काउंटरकडे गेली, की समजायचं. मग थोडी रोख द्या. कार्डवरची टिप मालकाच्या हिशोबातून फिरून येते. ब्रिटनला ऑक्टोबर 2024 पासून टिप पूर्णपणे कामगारांनाच वाटायची सक्ती करावी लागली, ती काय उगाच?

रोखसुद्धा सगळी एकट्या वेटरची नसते बरं का. आमच्याकडे रात्री शटर ओढलं की टिपेचा डबा उलटा करून पॉइंटवर, म्हणजे कामाप्रमाणे ठरलेल्या गुणांवर, वाटणी व्हायची. कॅप्टनला जास्त, टेबल पुसणाऱ्या पोराला कमी. भांडीवाल्याचा नंबर शेवटी, हात अजून साबणाचे असायचे.

तिखटजाळ: आणि सर्व्हिस भंगार असेल तर? मी तर शून्य देते.

जुना_कॅप्टन: ताई, वेटर उद्धट असेल तर खुशाल कापा. पण जेवण उशिरा आलं तर बहुतेक वेळा किचन तुंबलेलं असतं, त्याची शिक्षा वेटरला कशाला? ते मॅनेजरला सांगा. टिप कापून वेटर सुधारेल असं वाटत असेल तर कॉर्नेल विद्यापीठाचे मायकेल लिन यांचं काम बघा. सेवेचा दर्जा आणि टिपेची रक्कम यांचा संबंध त्यांना अगदीच कमकुवत आढळला. शून्य टिप बघून वेटर तुम्हालाच कंजूष म्हणतो, स्वतःला वाईट वेटर नाही.

काठावरपास: पटलं. पण आठ जणांत ठरवायचं कोणी?

जुना_कॅप्टन: कार्ड ज्याचं, टिप त्याने ठरवायची. बाकीच्यांनी बडीशेप खावी.