पीपीटीवर कॉपीराइट लिहिलं तर कुणाच्या पोटात का दुखावं?

सॅफ्रानिन:
आमच्या वनस्पतीशास्त्राच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परवा एका सरांनी लिहिलं, "हल्ली मास्तर लोक पीपीटीच्या तळाशी गोलातला सी टाकून नाव लिहितात, विद्या दिल्याने वाढते हे विसरले, ज्ञानाचं दुकान मांडलंय." खाली अंगठ्यांची रांग. तिथं वाद नको म्हणून गप्प बसले पण डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

माझ्या प्रत्येक स्लाइडवर तळाशी नाव, साल आणि गोलातला सी असतो. का ते सांगते. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद मी स्वतः ब्लेडनं घेतलाय, रंगवलाय, सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसवर मोबाइल धरून फोटो काढलाय. एक पातळ, अख्खा छेद मिळेपर्यंत किती खोडं वाया जातात हे प्रॅक्टिकल घेणाऱ्यांना सांगायला नको. वरची पातळ काच, म्हणजे कव्हरस्लिप, ठेवताना डाव्या कोपऱ्यात हवेचा बुडबुडा राहिला, तो तसाच फोटोत आलाय. मागच्या वर्षी एका कार्यशाळेला गेले तर पडद्यावर माझाच छेद, तोच बुडबुडा! माझी बॅकग्राउंड फिकट पिवळी, आणि खाली जिथं नाव होतं तिथं पांढरी पट्टी चिकटवलेली, मागच्या रांगेतूनसुद्धा दिसत होती. चहाच्या वेळी विचारलं तर म्हणे, "मॅडम, नेटवर मिळालं." वापरलं याचा राग नाहीच. पण पट्टी लावायला वेळ काढला म्हणजे ते दुसऱ्याचं आहे हे माहीत होतं ना?

बांधावरचा:
ताई, राग समजतो, पण चिन्हानं साधलं काय? पट्टी लावलीच ना त्यानं. आपल्याकडे हक्क काम तयार झाल्याबरोबर मिळतो, चिन्ह टाका नाहीतर नका टाकू, नोंदणीचीही सक्ती नाही. मग हा अट्टाहास कशाला?

आणि एक स्पष्ट बोलतो. मी बघितलेल्या असल्या पीपीटींत चित्रं गूगलवरची, मजकूर क्रमिक पुस्तकातून जसाच्या तसा, आणि खाली 'सर्व हक्क राखीव'. कसले हक्क? माझ्या पुतण्याच्या कॉलेजात एक सर अख्ख्या स्लाइडवर तिरकं वॉटरमार्क टाकायचे, शेवटच्या बाकावरून आकृतीतली नावं वाचता येत नव्हती, पीडीएफ दिली ती पण प्रिंट निघणार नाही अशी. पोरगा परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर बोटानं मोठं करून वाचत होता. हे असलं बघितलं की डोकं फिरतं.

काळा_कोट:
बांधावरचा, चिन्हाशिवाय हक्क मिळतो हे बरोबर. आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा तेच सांगतो आणि बर्न हा आंतरराष्ट्रीय कॉपीराइट करारही. अमेरिकेत १ मार्च १९८९ पर्यंत कॉपीराइटची सूचना न छापता काम प्रसिद्ध केलं तर हक्क जाऊ शकत होता, आपल्याला ती सवय बहुधा तिकडच्या पुस्तकांवरून लागली. पण म्हणून ओळ निरुपयोगी ठरत नाही. २०१२ च्या दुरुस्तीत कलम ६५ब आलं. कामावरची लेखकाचं नाव वगैरे माहिती परवानगी नसताना जाणूनबुजून काढली किंवा बदलली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ताईंच्या त्या पांढऱ्या पट्टीकडे आता या नजरेनं बघा. नावच लिहिलं नसतं तर पुसलं म्हणून बोट कशावर ठेवणार होता?

दुसरी बाजूही सांगतो. कलम ५२ मध्ये शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांना वापराची सूट आहे, दिल्ली उच्च न्यायालयानं २०१६ मध्ये विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांतली पानं फोटोकॉपी करण्याच्या खटल्यात ती बरीच ऐसपैस धरली. त्यामुळे 'सर्व हक्क राखीव' लिहून वर्गातला वापर थांबत नाही. आणि गूगलच्या चित्रांवर आपलं नाव टाकलं म्हणून ती आपली होत नाहीत, हे बांधावरचांचं म्हणणं मान्य.

तासिकावाला:
तुमचं चिन्हाचं चालू द्या, मला सांगा पीपीटी मुळात कुणाची? मी तासिका तत्त्वावर शिकवायचो. तासाचे पैसे तेवढे, तेही वर्ष सरत आल्यावर. पीपीटी रात्री घरी, स्वतःच्या लॅपटॉपवर. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची समिती येणार म्हणून सगळ्यांच्या पीपीटी पेनड्राइव्हवर गोळा केल्या, माझं नाव काढून संस्थेचा लोगो लावला, ई-कंटेंट म्हणून दाखवल्या. पुढच्या जूनमध्ये मला बोलावलंच नाही. नवीन मुलाच्या हातात माझ्याच पीपीटी दिल्या, त्यानंच फोन करून विचारलं, "सर, या स्लाइडवरचं उदाहरण कसं सोडवलंय?" मी सोडवून दिलं त्याला, त्याचा काय दोष.

बांधावरचा:
वाईट झालं, पण पगार घेऊन केलेलं काम पगार देणाऱ्याचं, हा जगाचा नियम आहे. कारखान्यातला फिटर बनवलेला पार्ट घरी नेत नाही.

तासिकावाला:
पगार?? कुठला पगार? फिटरला महिन्याचा पगार असतो, रजा असते, पीएफ असतो. मला दिवाळीच्या सुट्टीचा रुपया मिळत नव्हता. तास घेतला तर पैसे, नाही घेतला तर नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला! एकदा प्राध्यापकीची नेट-सेट परीक्षा काढून तासिकेवर उभं राहून बघा.

बांधावरचा:
आवाज चढवून मुद्दा सिद्ध होत नाही. माझी बायकोही तासिकेवरच होती, मला नका शिकवू.

सॅफ्रानिन:
मग तर तुम्हाला कळायला हवं! आम्ही कायम नोकरीवाले निदान उद्या उभे असतो भांडायला. तासिकेवरच्याचं नाव पुसलं की तो माणूसच रेकॉर्डवरून गेला.

काळा_कोट:
दोघंही थांबा. कलम १७ मध्ये मालकाचा पहिला हक्क नोकरीच्या करारात, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामावर आहे, तोही वेगळं काही ठरलेलं नसेल तर. तासिकेवाला त्या अर्थानं नोकर आहे की नाही हाच वादाचा मुद्दा. नोकर नसेल तर हक्क हस्तांतरित व्हायला लेखी, सहीचा कागद लागतो, पेनड्राइव्ह दिला म्हणजे हक्क दिला असं होत नाही. आणि हक्क संस्थेकडे गेला असं धरलं तरी कलम ५७ प्रमाणे 'हे माझं काम आहे' म्हणायचा अधिकार लेखकाकडेच राहतो. तासिकावाला, मूळ फाइल, तारखा, ईमेल जपून ठेवलेत का?

तासिकावाला:
लॅपटॉपवर आहेत सगळ्या. पण भांडलो तर दुसऱ्या कॉलेजात पण तास मिळणार नाहीत, इथं सगळे एकमेकांना ओळखतात. कलमं वाचून पोट भरत नाही वकीलसाहेब.

बांधावरचा:
बायकोला आत्ता विचारलं. तिच्याही नोट्स अशाच गेल्या म्हणाली, मला कधी बोलली नव्हती. ठीक आहे, नाव असावं, एवढं मान्य. फिटरचं उदाहरण मागे घेतो. पण 'सर्व हक्क राखीव' ही धमकी शिक्षकानं देऊ नये, त्यापेक्षा क्रिएटिव्ह कॉमन्सचं लायसन्स टाका, नाव ठेवून वापरा म्हणून. आणि वॉटरमार्क नको म्हणजे नको.

सॅफ्रानिन:
वॉटरमार्क मी कधीच टाकला नाही, ते माझ्या माथी मारू नका. माझ्या ओळीत नावापुढे लिहिलेलंच आहे, "वर्गात खुशाल वापरा, नाव काढू नका." लायसन्सचं नाव त्यात घालते, तेवढं पटलं.

बांधावरचा:
मग शेवटच्या स्लाइडवर एकदा टाकलं तर पुरे की, प्रत्येक स्लाइडवर कशाला?

सॅफ्रानिन:
कारण 'थँक्यू'वाली स्लाइड सगळ्यात आधी उडते आणि मधल्या स्लाइड एकेकट्या फिरतात. माझा छेदही तसाच सुटा फिरत गेला. स्लाइड मास्टरमध्ये एकदा टाकलं की सगळ्यांवर येतं. तासिकावाला, तुम्ही मूळ फाइलींवर आजच टाका.