मदत हवी आहे: डॉक्टर व्हायचंय म्हणणाऱ्या मुलांचं शाळेत मंडळ सुरू करायचं आहे

मोहफूल:
नमस्कार. आमच्या शाळेत ज्यांना डॉक्टर व्हायचं आहे अशा मुलांचं मंडळ काढायचं आहे. मुख्याध्यापक म्हणाले, सोमवारी लेखी आराखडा आणा, मग बघू. आज शुक्रवार. सुरुवातीच्या बैठकांत काय घ्यायचं, बाहेरून कोणाला बोलवायचं, परवानगी कोणाची लागते, एवढंच सांगा. नेटवर जे सापडतं ते सगळं मोठ्या शहरांतल्या शाळांचं, आमच्याकडे त्यातलं काही चालणार नाही. कृपया लवकर.

धानाचा_बांध:
मॅडम जी, शाळा कुठं आहे? आश्रमशाळा की अनुदानित? अकरावी-बारावी सायन्स आहे का? प्रयोगशाळा? काहीच लिहिलं नाही तर सांगणार काय?

रँक_हवी:
मंडळ वगैरे ठीक आहे, पण शेवटी गाठ मेडिकल प्रवेशाच्या नीट परीक्षेशीच आहे. ७२० पैकी ३६० गुण एकट्या जीवशास्त्राचे. एनसीईआरटीची पुस्तकं आणा, रोज तासभर ओळ न् ओळ वाचून घ्या, रविवारी टेस्ट. चुकलं की एक गुण वजा होतो, हे मुलांच्या अंगवळणी आधीपासून पडलं पाहिजे. मी लातूरला राहून तयारी केली आहे, अनुभवाने सांगतोय.

मोहफूल:
गडचिरोली जिल्हा, कुरखेडा तालुका. आठवी ते दहावी. अकरावी नाहीच, म्हणून तर मंडळ हवंय! सायन्स घ्यायचं तर कुरखेडा नाहीतर वडसा गाठावं लागतं, आणि घरातलं कोणी आधी गेलेलं नसलं की 'आर्ट्स घे, जवळ आहे' यावर विषय संपतो. आठवीत हात वर करणाऱ्या मुली दहावीत गप्प झालेल्या असतात. परवा एकीने विचारलं, डॉक्टर व्हायला आधी नर्स व्हावं लागतं का? ही मुलं नीटमध्ये नापास होत नाहीत, नीटपर्यंत पोचतच नाहीत. मला नीटचा वर्ग नकोय.

रँक_हवी:
मग आठवीपासून नीटच्या पूर्वतयारीचा फाउंडेशन वर्ग सुरू करा. उशीर तिथेच होतो.

धानाचा_बांध:
भाऊ, त्या नको म्हणून राहिल्या ना! काहून तेच तेच?

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी:
मॅडम, मी प्राथमिक आरोग्य केंद्रांतच नोकरी केली, म्हणून सांगतो. मुलांना आधी व्याख्यान नको, केंद्र दाखवा. लसीकरणाच्या दिवशी आठ-दहा मुलांना घेऊन जा. लसीचा शीतकपाट उघडायच्या आधी त्यांना तापमान वाचू द्या, २ ते ८ अंशांच्या मध्ये ते का ठेवायचं हे सिस्टरला विचारू द्या. बाळाचं वजन वाढीच्या तक्त्यावर कसं भरतात ते बघू द्या. फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, एएनएम (उपकेंद्राची नर्स), आशाताई, प्रत्येकाला एकच प्रश्न: तुम्ही काय शिकलात, कुठं शिकलात? 'आधी नर्स व्हावं लागतं का' याचं उत्तर मुलीला तिथेच मिळेल. आणि नर्सिंग, फार्मसी, बीएएमएस (आयुर्वेदाची पदवी), फिजिओथेरपी हीसुद्धा वाट आहे, हे तिला कळेल.

प्रसूतिकक्ष, ड्रेसिंग, तपासणीची खोली इथे मुलांना नेऊ नका. पेशंट आपल्याच गावचा असतो, मुलं घरी जाऊन बोलतात.

दुसऱ्या बैठकीला सर्पदंश घ्या. नाग, मण्यार, घोणस, फुरसे यांची चित्रं, आणि मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते तेव्हा बऱ्याचदा दुखतही नाही, ही गोष्ट. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चावलेला हातपाय हलू द्यायचा नाही, १०८ ला फोन. मग दवाखान्यात काय करतात ते सांगा: कोरड्या स्वच्छ काचेच्या नळीत २ मिली रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं. गोठलं नाही तर विष रक्तावर काम करतंय, घोणस किंवा फुरसे चावल्याचा संशय. एक काचेची नळी आणि घड्याळ यावर डॉक्टर निर्णय घेतो, हे ऐकताना पोरांचे डोळे बघा.

लॅबवाला_वरोरा:
सर्पदंश ठीक, पण तुमच्या भागात सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, आधी घ्या. राष्ट्रीय मोहीम २०२३ पासून चालू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी त्यात येते. शाळेतच शिबिर लावा, सोल्युबिलिटी टेस्ट (रक्ताची प्राथमिक तपासणी) मंडळाच्या मुलांसमोर करा, रजिस्टर त्यांनाच भरू द्या. असा अनुभव शहरातल्या पोरांना मिळत नाही.

पाणवठा_गोंदिया:
रजिस्टर मुलांकडे? अजिबात नको! आमच्या नात्यात एका मुलीचा 'एएस' रिपोर्ट शाळेतून गावभर झाला आणि जमलेली सोयरीक मोडली. ती आजारी नाही, फक्त वाहक आहे, म्हणजे सदोष जनुक एकाच पालकाकडून आलंय, हे सांगता सांगता तिच्या आईचा जीव मेटाकुटीला आला.

लॅबवाला_वरोरा:
लपवून ठेवल्यानेच तर आजार पुढे जातो, ताई. दोघंही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. लग्नाआधी माहिती नको का?

पाणवठा_गोंदिया:
माहिती हवी, ज्याची त्याला. वर्गमित्राला नाही.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी:
ताईंचं बरोबर आहे. तपासणी आरोग्य विभागाच्या पथकाने करावी, रिपोर्ट पालकांच्या हाती. मंडळाने त्यामागचं विज्ञान घ्यावं. नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेच्या धड्यात सिकलसेल आहेच. फळ्यावर दोन वाहक आईबापांचा चौकोन मांडा, वर आईची दोन जनुकं, बाजूला बापाची दोन, आणि चार घरं पोरांना भरू द्या. २५ टक्के कुठून आले ते त्यांचं त्यांना दिसेल. कोणाचं नाव घ्यायची गरजच पडत नाही.

डेन्व्हरकर:
इकडे अमेरिकेत हायस्कूलमध्ये होसा नावाच्या संघटनेचे क्लब असतात, १९७६ पासून. माझी मुलगी त्यात आहे. प्रथमोपचार, वैद्यकीय परिभाषा अशा विषयांच्या स्पर्धा असतात, स्थानिक, राज्य, आंतरराष्ट्रीय पातळीवर. तुम्ही तीन-चार शाळा मिळून स्पर्धा घेऊ शकता. मुख्य म्हणजे अध्यक्ष, सचिव मुलंच असतात, शिक्षक फक्त मार्गदर्शक.

मोहफूल:
स्पर्धा आत्ताच नको, दोन शाळांच्या मधे नाला आहे, पावसात रस्ता बंद. पण पदाधिकारी मुलंच, हे नक्की घेते. अध्यक्ष मुलगी.

वऱ्हाडी_गडी:
मॅडम, कीटकनाशक फवारणीचं एक घ्याच. २०१७ साली आमच्या यवतमाळात फवारणी करता करता माणसं गेली. पोरं घरी जाऊन बापाला सांगतील, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नको, उघड्या अंगानं करू नको, त्या हातानं खर्रा (तंबाखू-सुपारी) घोटू नको. बाप आपलं नाही ऐकत, पोरीचं ऐकते.

कागदपत्र_काका:
सर्व पालकांसाठी महत्त्वाचे: आरक्षणातून मेडिकलला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागते, निव्वळ जातीचा दाखला चालत नाही. आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले, जुने महसुली कागद आताच शोधून ठेवा. डोमिसाईलही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वय १७ पूर्ण हवे, जन्मतारीख चुकीची असेल तर दहावीच्या आत दुरुस्त करा.

धानाचा_बांध:
काका, हे कोणी विचारलं होतं?

मोहफूल:
नाही, असू द्या. हे पालक सभेत सांगते. वैधतेत अडकलेली मुलं मी बघितली आहेत.

रँक_हवी:
एवढं करून डॉक्टर झाली तरी गावात थांबणार कोण? सरकारी कॉलेजात शिकलेले बाँडची सेवा, म्हणजे शिक्षणानंतरची सक्तीची सरकारी नोकरी, टाळायला दहा लाख भरून मोकळे व्हायचे.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी:
सगळे नाही. बंग दांपत्य १९८६ पासून गडचिरोलीत आहे, आमटे १९७३ पासून हेमलकशात. आणि ज्यांची नावं कोणी घेत नाही असे कितीतरी जण उपकेंद्रांवर राबतात. गावची पोर शिकली तर ती गावाकडे वळण्याची शक्यता जास्त, असं मला तरी वाटतं.

डेन्व्हरकर:
पण सोयी नसतील तर तिने का थांबावं?

पाणवठा_गोंदिया:
हा वाद वेगळ्या धाग्यावर घाला ना. यांना सोमवारी कागद द्यायचाय.

मोहफूल:
आराखडा असा लिहिते आहे: आरोग्य केंद्राला भेट, सर्पदंश, सिकलसेलचा चौकोन (तपासणी नाही), फवारणी, आणि एका बैठकीला कुरखेड्यात अकरावी सायन्सला शिकणारी आमची माजी विद्यार्थिनी. मानव विकासच्या निळ्या बसने ती जाते-येते, ते तिच्याच तोंडून पालकांनी ऐकावं. दर शनिवारी, शाळा सुटल्यावर नाही, शाळेच्या वेळेत, नाहीतर मुलींना घरी उशीर होतो. रँक_हवी, तुम्ही नीटचा पेपर कसा असतो एवढं अर्धा तास फोनवरून सांगाल का? तो मराठीतूनही देता येतो हे आमच्या मुलांना माहीतच नाही.

शेवटचं विचारते. केंद्राच्या भेटीचं पत्र कोणाच्या नावे? गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागेल का?

रँक_हवी:
सांगेन. जुना मराठी पेपरही पाठवतो, दिसला की भीती जाते.

निवृत्त_वैद्यकीय_अधिकारी:
पत्र मुख्याध्यापकांच्या सहीने, केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे, प्रत तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना. मुलं शाळेच्या वेळेत बाहेर नेणार असाल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांनाही एक प्रत द्या आणि पालकांची संमती लेखी घ्या. पत्रात तारीख तुम्ही टाकू नका, लसीकरणाचा दिवस एएनएमला विचारून मगच लिहा.