फोर-व्हील ड्राइव्हचा लिव्हर अडकला आहे

प्रश्न: माझी जुनी, मोठी डिझेल फोर-बाय-फोर चिखलातून बाहेर काढल्यावर मी डांबरी रस्त्यावर तशीच चालवली. आता लिव्हर ‘४ एच’मधून (चारही चाकांना ताकद) ‘२ एच’मध्ये (दोनच चाकांना ताकद) येत नाही आणि वळताना पुढची चाके अडखळतात. ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) उघडावी लागेल का?

उत्तर १: उघडण्याची घाई करू नये. पार्ट-टाइम रचनेत, म्हणजे गरजेपुरतीच चारही चाके जोडणाऱ्या गाडीत, मधला डिफरन्शियल (दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरजोडणी) नसल्याने पुढच्या व मागच्या चाकांकडे ताकद नेणारे शाफ्ट (दांडे) एकाच वेगाने फिरतात. वळणावर मात्र पुढच्या चाकांना अधिक अंतर कापावे लागते आणि कोरड्या रस्त्यावर चाक सहज घसरत नसल्याने तो फरक पीळ होऊन साठतो. तो पीळच लिव्हर धरून ठेवतो. स्टिअरिंग सरळ ठेवून काही मीटर रिव्हर्स घ्या आणि ॲक्सिलरेटर सोडताच लिव्हर ओढा. जोर लावू नका, आतला फोर्क (गिअर सरकवणारा काटा) वाकतो.

उत्तर २: टायरही तपासा. पुढच्या व मागच्या टायरच्या झिजेत फरक असेल, तर सरळ रस्त्यावरही पीळ बसतो.

प्रश्नकर्ता: रिव्हर्स घेताच खट् असा आवाज होऊन लिव्हर सुटला. मागचे दोन्ही टायर नवे आहेत, पुढचे निम्मे झिजलेले, चूक माझीच. मात्र गाडी जागेवरून निघताना खालून ठक् असा आवाज अजून येतो.

उत्तर १: तो आवाज बहुधा युनिव्हर्सल जॉइंटचा (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळू शकणारा सांधा) असावा. चाकांना अडण लावून शाफ्ट हाताने पिळून पाहा. जॉइंटच्या बेअरिंगवरील कपाच्या (टोपणाच्या) कडेला तांबूस भुकटी दिसली, तर बेअरिंग कोरडे पडले आहे आणि आता नुसत्या ग्रीसने भागणार नाही, जॉइंट बदलावाच लागेल.