विशेष शाळांच्या संस्थेवर विश्वस्त व्हावं का?

प्रश्न: एका संस्थेच्या ३ विशेष शाळा आहेत, २ मतिमंद मुलांच्या न १ कर्णबधिर, ते मला विश्वस्त म्हणून या म्हणतायत, पैसे काही नाहीत. बँकेतून रिटायर झालोय, विशेष शिक्षणातलं ओ का ठो कळत नाही. जाऊ का?

उत्तर: जा की काका! शिकवायला आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणीवाले शिक्षक आहेत, हिशोब बघणारं कोण असतं?

उत्तर: आधी ऑडिट रिपोर्ट मागा. आणि विश्वस्त बदलले की ९० दिवसांत चेंज रिपोर्ट धर्मादाय कार्यालयात द्यावा लागतो, आमच्याकडे राहिला न बँकेत सह्यांवरून सगळं अडलं.

उत्तर: नुसते मीटिंगला जाऊ नका हो, डबा खायच्या वेळी शाळेत जाऊन बसा. माझ्या मुलाच्या शाळेत कमिटीवर एकही पालक नव्हता, व्हॅन बंद झाल्याचं आम्हाला नोटीस लागल्यावर कळलं.

प्रश्नकर्ता: रिपोर्ट मागितलेत, बघू देतात का.