केंटमधलं जुनं लाकडी घर: कोणता बदल आधीचा, कोणता नंतरचा?

नकाशाकार
इंग्लंडच्या केंटमधल्या एका वील्डन घराची (मध्ये उंच दालन, दोन्ही टोकांना दुमजली खोल्या असं मध्ययुगीन लाकडी घर) मोजणी चालू आहे. समोरून विटांचं जॉर्जियन (१८व्या शतकाच्या धाटणीचं) घर, आत सगळा ओकचा सांगाडा. मधल्या दालनावर माळा आहे, पण छपराचे वासे काळेकुट्ट. विटांचं धुराडं नेमकं जुन्या आडव्या बोळात, म्हणजे दारापासून घराच्या आरपार जाणाऱ्या वाटेत, उभं. खांबांवर दुसऱ्या लाकडाचं टोक बसवायच्या रिकाम्या खोबणी दिसतात. मालकांच्या मते लाकूड मोडलेल्या जहाजांचं. वरच्या मजल्याची 'विटांची' भिंत ठोकली की पोकळ वाजते. क्रम कसा लावायचा? शिवाय तळाची आडवी तुळई कुजली आहे आणि तिच्यावर सिमेंटचा गिलावा आहे. तो काढावा का?

खुंटी
जहाजाचं आधी बाजूला ठेवा, ही दंतकथा इंग्लंडभर ऐकू येते. रिकाम्या खोबणीसमोरच्या खांबावर त्याच उंचीला तिची जोडी असेल, तर तिथलंच लाकूड नंतर काढलंय. जोडी नसेल, तर खोबण असलेलं लाकूडच बहुधा दुसऱ्या इमारतीतून आलंय.

सगळ्यात मोठा पुरावा काजळीचा. वासे काळे, म्हणजे खाली उघडी चूल होती आणि दालन जमिनीपासून छपरापर्यंत मोकळं होतं. टोकाच्या खोल्यांवरचे वासेही पाहा. मधल्या कुडाची दालनाकडची बाजू काळी आणि पलीकडची स्वच्छ असेल, तर उघड्या दालनाची हद्द मिळाली. एखाद्या वाशाची काजळी मध्येच तुटत असेल, तर तो बदललेला किंवा फिरवून बसवलेला. म्हणून साफसफाईच्या नावाखाली वाळूचा मारा अजिबात नको. एका दुपारीत सगळा पुरावा जातो.

माळा आणि धुराडं सहसा १६व्या शतकातली भर. आडव्या बोळात धुराडं घातलं की दारातून आत येताच समोर त्याचीच भिंत येते. तुमच्याकडे तेच झालंय.

आता दालनाच्या पुढच्या भिंतीतल्या आडव्या लाकडांखाली बॅटरी मारा. पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची भोकं ओळीनं दिसली, तर तिथे बिनकाचेची खिडकी होती, उभे गज त्यांत बसायचे. शेजारी लांब खाच असेल, तर ती सरकत्या झडपेची. गोल भोकांची ओळ आणि खालच्या लाकडावर सलग खाच, असं दिसलं तर तिथे कूड होता. काठ्या वर भोकात घालून खाली खाचेत सरकवायचे. ही एक ओळ नाहीशी झालेली भिंत परत मिळवून देते.

सुतारांनी सांध्यांवर कोरलेले रोमन आकडेही टिपा. चारला बहुधा चार उभ्या रेघा असतात. क्रम तुटला की तिथे थांबून शोधा.

चुनखडी
पोकळ वाजणारी भिंत म्हणजे मॅथेमॅटिकल टाइल्स असण्याची दाट शक्यता. फळ्यांवर किंवा पट्ट्यांवर ठोकलेली कौलं, दर्शनी भाग विटेसारखा. केंट आणि ससेक्समध्ये भरपूर आहेत. कोपरा तपासा: तिथे कौल वळवणं अवघड, म्हणून लाकडी पट्टी असते. विटांवरचा कर चुकवायला ही कौलं निघाली असं म्हणतात, पण कर १७८४चा आणि कौलं त्याआधीची.

सिमेंट काढाच. ओक किंचित हलतो, सिमेंट हलत नाही. कडेला केसाएवढी फट पडते, पाऊस आत जातो आणि बाहेर पडायला वाट राहत नाही. तळाची तुळई त्यामुळेच कुजली असणार. पण घर संरक्षित यादीत असेल, तर आधी लिस्टेड बिल्डिंग कन्सेंट घ्या; परवानगीशिवाय असा बदल हा गुन्हा ठरतो.

नकाशाकार
तुळई पूर्ण बदलावी का? आणि वय लाकडातल्या वाढीच्या वर्तुळांवरून काढता येईल का?

चुनखडी
पूर्ण नको. घर टेकूवर घ्या, कुजका भाग चांगल्या लाकडापर्यंत कापा आणि ओकचाच तुकडा तिरप्या सांध्यानं जोडा, ओकच्या खुंट्या ठोकून. धातू लागलाच तर स्टेनलेस स्टील. ओकमधलं टॅनिन साधं लोखंड खातं. बाहेरची जमीन तुळईच्या वर चढली असेल तर आधी ती उतरवा, नाहीतर नवा तुकडाही कुजेल.

गिलावा: १ भाग चुन्याचा लगदा, ३ भाग टोकदार कणांची वाळू, जनावराचे केस. थर ९ ते १२ मिमी. पारा ५ अंशांखाली जाणार असेल तर काम थांबवा.

खुंटी
वर्तुळांसाठी साधारण ५० किंवा जास्त वर्तुळं हवीत, आणि सालीलगतचा फिकट थर शाबूत हवा. साल टिकली असेल तर तोडीचं वर्ष, कधीकधी ऋतूही कळतो. ओक ओलाच वापरत, म्हणून बांधकाम तोडीनंतर लगेचच्या एकदोन वर्षांतलं धरतात. नमुने छपरातून आणि माळ्याच्या तुळईतून वेगळे घ्या, आणि जोडी नसलेल्या खोबणीचं लाकूड वगळा, ते चुकीची तारीख देईल.