विषय: अमेरिकेत शिकवायला जाताना करनिवासाचा दाखला कोणत्या वर्षाचा घ्यावा?

५ जून २०२५

मंडळाच्या सर्व सभासदांस सप्रेम नमस्कार.

मी सोलापुरातील एका माध्यमिक शाळेत अकरा वर्षे गणित शिकवत आहे. जे-१ या विनिमय-भेटीच्या व्हिसावर अमेरिकेतील एका सरकारी शाळेत रुजू होण्यासाठी येत्या १० ऑगस्टला निघेन. भारत-अमेरिका कर-करारानुसार शिक्षकाला मिळणारी करसवलत हवी असल्यास मी भारताचा करनिवासी असल्याचा पुरावा पाठवावा, असे तेथील वेतन विभागाने कळवले आहे. येथील एका सल्लागारांनी फॉर्म १०एफ भरून दिला आहे. तेवढे पुरेल का, हे अनुभवी सभासदांनी कृपया सांगावे.

आपला नम्र,
नवी पेठ, सोलापूर

७ जून २०२५

आदरणीय सर,

तो १०एफ कृपया पाठवू नका. परदेशातील करनिवाशाला भारतातील उत्पन्नावर कराराचा लाभ हवा असेल, तर तो हा फॉर्म भरतो. आपल्याला फॉर्म १०एफए आपल्या आयकर निर्धारण अधिकाऱ्याकडे द्यावा लागेल. पडताळणीनंतर ते १०एफबी या नमुन्यात प्रमाणपत्र देतात. नावातल्या एका अक्षराच्या फरकामुळे माझे पाच आठवडे वाया गेले होते, म्हणून हे आधी लिहिले.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न वर्षाचा आहे. मी ५ ऑगस्ट २०२२ ला सोलापूर सोडले आणि भाबडेपणाने २०२२-२३ चा दाखला मागितला. एप्रिलपासून त्या दिवसापर्यंत माझे भारतातले दिवस भरत होते १२७, आणि नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात निवासी ठरण्यासाठी १८२ दिवस लागतात, त्यामुळे अर्ज फेटाळला गेला, आणि ते योग्यच होते. आपले १३२ होतील. करारातील बाविसाव्या कलमात मात्र भेटीच्या लगेच आधी ती व्यक्ती दुसऱ्या देशाची निवासी असावी, अशी अट आहे. म्हणून मी २०२१-२२ चा दाखला घेतला आणि वेतन विभागाने तो स्वीकारला. आपण २०२४-२५ चा मागावा. अर्जाला पासपोर्टच्या सर्व पानांच्या प्रती, पॅन, फॉर्म सोळा आणि विवरणपत्राची पोच जोडावी.

दाखला हाती आला तरी सवलत आपोआप लागू होत नाही. दरवर्षी पगारातून कर न कापण्यासाठीचा नवा फॉर्म ८२३३ शाळेला द्यावा लागतो आणि कर शून्य असला तरी १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावे लागते. राज्याचा कर वेगळा असतो. कॅलिफोर्नियासारखी राज्ये हा करार मानत नाहीत.

आता ज्या गोष्टीची मला आपल्यासाठी खरी काळजी वाटते, ती सांगते. ही सवलत दोन वर्षांपेक्षा अधिक नसलेल्या वास्तव्यासाठी आहे, आणि मुक्काम त्यापुढे गेला तर फक्त पुढच्या काळाची नव्हे, पहिल्या दिवसापासूनची सवलत जाते. जे-१ वर शिक्षकाला तीन वर्षे राहता येते, त्यामुळे शाळा तिसऱ्या वर्षाचा आग्रह करतात. माझ्याबरोबर आलेल्या एका शिक्षिकेने तो मान्य केला आणि मागील दोन्ही वर्षांचा कर तिला भरावा लागला. मी जून २०२४ मध्ये परतले. त्या आर्थिक वर्षात मी पुन्हा भारतात निवासी ठरत असल्याने एप्रिल ते जूनचा अमेरिकेतील पगार यंदाच्या भारतीय विवरणपत्रात दाखवत आहे.

आपली,
होटगी रोड, सोलापूर

१२ जून २०२५

ताई,

आपले पत्र वाचून शाळेशी झालेले नोकरीचे करारपत्र पुन्हा काढले. त्यात मुदत तीन वर्षांची लिहिली आहे. ती तशीच राहिली तर सुरुवातीपासून सवलत मागणेच खोटे ठरेल, हे आता कळले. २०२४-२५ साठी १०एफए काल येथील आयकर कार्यालयात दिला. मुदत दोन वर्षांची करून ९ ऑगस्ट २०२७ पूर्वी मला परतता येईल का, असे शाळेला लेखी विचारले आहे. लेखी होकार येईपर्यंत ८२३३ वर सही करणार नाही.

आपला ऋणी,
नवी पेठ, सोलापूर