नऊ महिन्यांच्या लेकीला घेऊन एकटीने मुंबई ते फ्रँकफर्ट: मदत हवी आहे

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी,

बाळंतपणासाठी माहेरी कराडला आले होते, आता परत जर्मनीला जायचंय. नवरा श्टुटगार्टला असतो आणि त्याला एवढ्यात सुट्टी मिळणार नाही, त्यामुळे आम्ही दोघीच. निघू तेव्हा लेकीला नऊ महिने पूर्ण झालेले असतील. वजन साडेआठ किलोच्या आसपास. रांगते, धरून उभी राहते आणि अनोळखी माणसाने उचललं की भोकाड पसरते. तिचा पासपोर्ट आणि व्हिसा हातात आला आहे.

मी स्वतः विमानाने बऱ्याचदा गेले आहे, पण तेव्हा सोबत फक्त पाठीवरची सॅक असायची. आता डोकं चालेनासं झालंय.

पहिला प्रश्न तिकिटाचा. मुंबईहून थेट विमान मध्यरात्रीनंतरचं आहे, साधारण नऊ तासांचं. आखातातून जाणारं तेरा-चौदा हजारांनी स्वस्त पडतंय, पण मध्ये पाच तास थांबायचं. बाबा म्हणतात, पाच तासांत जरा पाय मोकळे होतील. खरंच तसं होतं का?

बासिनेट, म्हणजे समोरच्या भिंतीला अडकवतात तो बाळाचा पाळणा, मागू का? रांगणारं मूल त्यात राहतं का? स्ट्रोलर न्यावा की नुसता कॅरियर पुरे? कान दुखू नयेत म्हणून काय करायचं? आजीने जायफळाची पुडी आत्ताच बांधून ठेवली आहे, "उगाळून चाटव, फ्रँकफर्टपर्यंत हूं की चूं करणार नाही" असं तिचं म्हणणं.

आणि हसू नका, पण मला स्वतःला वॉशरूमला जायचं झालं तर बाळाला कुठे ठेवायचं? हे कोणत्याच व्हिडिओत सांगत नाहीत.

---

मेतकूट

थेट विमान घे. यावर दुसरा विचारसुद्धा करू नकोस. मध्ये थांबायचं म्हणजे दोनदा चढणं, दोनदा उतरणं, म्हणजे कानाचा त्रासही दोनदा. झोपलेल्या पोरीला मध्यरात्री उठवून उतरायचं, तिथे पुन्हा सुरक्षा तपासणी, पुन्हा बाटल्या बाहेर काढा, पुन्हा गेट शोधा. पाय मोकळे होतात ते बाबांचे. आईचे नाही.

दुबईला एमिरेट्सवाले ट्रान्झिटमध्ये फुकट स्ट्रोलर देतात, ती सोय चांगली आहे. पण त्यासाठी पाच तास जागायचं का? कुणी सोबत असतं तर म्हटलं असतं पैसे वाचव.

मध्यरात्रीचं विमान आहे म्हणून घाबरू नकोस. उलट तेच बरं, तिची झोपेची वेळ असते.

---

लेकुरवाळी

अगं, सगळे विमानाची काळजी करतात. विमानात तू एका जागी बसलेली असतेस, समोर पाणी आणून देणारी माणसं असतात. हाल होतात ते विमानतळावर, कारण हात दोनच. त्यामुळे सामान बांधताना एकच कसोटी लाव: बाळ कडेवर असताना ही वस्तू एका हाताने उचलता येते का? नाही येत, तर ती चेक-इनमध्ये.

म्हणजे चाकांची केबिन बॅग नको. पाठीला एक सॅक, पुढे कॅरियरमध्ये लेक, आणि पासपोर्ट-तिकिटांसाठी गळ्यात छोटी आडवी पर्स. बस. लॅपटॉप असेल तर सॅकच्या सगळ्यात वर ठेव, तपासणीला तो बाहेर काढायला लावतात.

टी-२ ला, म्हणजे मुंबईच्या टर्मिनल २ ला, दारातच सीआयएसएफचा जवान तिकीट आणि पासपोर्ट बघतो, दोघींचेही. भाऊ किंवा बाबा तिथपर्यंतच, म्हणून ट्रॉलीवर सामान नीट रचून द्यायला त्यांनाच सांग. बाळ तिकिटावर असलं की घरून ऑनलाइन चेक-इन पुष्कळदा होतच नाही, काउंटरवर जावं लागतं. तेव्हा साडेतीन-चार तास आधी पोच. काउंटरवर स्ट्रोलरला टॅग लावून घे आणि "गेटपर्यंत नेणार" असं स्पष्ट सांग.

सुरक्षा तपासणीला बाळाला कॅरियरमधून काढायला लावतात. स्ट्रोलर घडी घालून मशीनमधून जातो किंवा हाताने तपासतात. बायकांच्या पडद्याआडच्या तपासणीत बाळ तुझ्याच कडेवर राहतं. आता ट्रे उचलणं, बूट, घड्याळ, हे सगळं एका हाताने करायचं, म्हणून त्या दिवशी घड्याळ, बांगड्या, पट्टा काही घालूच नकोस. आणि मागच्या माणसाला बिनधास्त सांग, "दादा, जरा ट्रे उचलता का?" आपल्याकडे बाळ बघून कुणी नाही म्हणत नाही. इमिग्रेशनलाही रांगेत उभी राहण्याआधी तिथल्या माणसाला विचार, लहान मूल असलं की बरेचदा पुढे सोडतात.

अगदीच धास्ती वाटत असेल तर टी-२ वर 'प्रणाम' नावाची सेवा पैसे देऊन घेता येते. त्यांचा माणूस दारापासून गेटपर्यंत सोबत राहतो. आखाती विमानात वाचणारे पैसे थेट विमानात घालणारच आहेस, त्यात हेही बसव.

कराडहून दुपारी निघून थेट विमानतळ गाठू नका. गाडीत पाच-सहा तास बसून पोर आधीच किरकिरी होते. पनवेल-ठाण्याकडे कुणी नातेवाईक असतील तर सकाळी निघून तिथे उतरा, तिला लोळू दे, रांगू दे, रात्री आंघोळ घालून निघा.

---

बालरोग_वाचक

कानाबद्दल. विमान ३५ हजार फुटांवर असलं तरी आतला हवेचा दाब सहा ते आठ हजार फुटांवर असतो तसा ठेवतात, म्हणजे महाबळेश्वरपेक्षाही बरंच उंच. वर जाताना कानातली हवा सहज बाहेर पडते. उतरताना मात्र ती आत यावी लागते आणि लहान मुलांची कान-घसा जोडणारी नळी अरुंद असते, म्हणून दुखतं. पसरणी घाट उतरताना आपल्याला दडे बसतात आणि आपण आवंढा गिळतो. बाळाला गिळायला लावायचं एवढाच उपाय. अंगावर पाजा, बाटली द्या, चोखणी द्या.

लोक चूक करतात ती वेळेत. उड्डाणाला पोटभर पाजतात आणि उतरताना मूल ढिम्म तोंड उघडत नाही. उतरणं साधारण अर्धा तास आधीच सुरू होतं, पट्टे बांधायची घोषणा होते त्याच्याही आधी. क्रूला सांगून ठेवा, "उतरायला सुरुवात झाली की मला सांगा", आणि त्या वेळची भूक राखून ठेवा.

सर्दी असेल तर निघण्याआधी दोन दिवस डॉक्टरांना कान दाखवून घ्या. सलाइनचे नाकातले थेंब जवळ असू द्या, विमानातली हवा फार कोरडी असते. त्याच कारणाने दूधही नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजा.

जायफळ नको. आजींचा मान राखून सांगतो, त्यातल्या द्रव्यांचा परिणाम मेंदूवर होतो आणि उगाळताना किती गेलं याचा हिशोब कुणालाच लागत नाही. झोपेसाठी सर्दीचं सिरपही नको. काही मुलं त्याने झोपण्याऐवजी चेकाळतात. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं सिरप ४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, ही सूचना बाटलीवर छापायला भारताच्या औषध नियंत्रकांनी २०२३ मध्ये सांगितलं आहे.

आणखी एक: नवव्या महिन्याची गोवराची लस घेऊनच निघा. जर्मनीत तिचा पहिला डोस ११ महिन्यांना देतात आणि पुढे किटामध्ये, म्हणजे तिथल्या पाळणाघरात, घालताना गोवराच्या लसीची नोंद मागतातच. लसीकरणाचं पुस्तक हातातल्या पर्समध्ये ठेवा, सामानात नको.

---

नाना_वाईकर

आमची तिन्ही पोरं जायफळावर वाढली. एक आज बँकेत मॅनेजर आहे. डॉक्टर लोकांना प्रत्येक गोष्टीत विष दिसतं.

---

बालरोग_वाचक

नाना, घरी काही बिनसलं तर दहा मिनिटांत दवाखाना गाठता येतो. समुद्रावर, रात्री तीन वाजता, एकट्या आईने काय करायचं? बाळ जागं राहिलं तर राहू दे, रडलं तर रडू दे. रडण्याने कुणाला काही होत नाही.

---

नाना_वाईकर

ते मात्र मान्य.

---

तळमजला

बासिनेटबद्दल. तिकीट काढल्याबरोबर एअरलाइनला फोन करून मागणी नोंदवा. ती मिळेलच असं नसतं, मोठ्या विमानातही जागा मोजक्याच असतात. वजन-उंचीची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी. बऱ्याच ठिकाणी ती १० ते ११ किलोच्या आसपास असते, म्हणजे वजनात बसेल, पण लांबीही विचारा. जी मुलगी धरून उभी राहते ती त्यात फक्त गाढ झोपली तरच राहील. शिवाय पट्टे बांधायचा दिवा लागला की तिला उचलून मांडीवर घ्यावंच लागतं, झोपेतून उठली तरी.

तरीही मागाच. कारण त्या रांगेत समोर भिंत असते, पायाशी मोकळी जागा मिळते, आणि तिथे पातळ दुपटं अंथरून तिला जरा बसवता येतं. तोटे असे की सीटचे हात वर होत नाहीत आणि उड्डाण-लँडिंगला सॅक वर ठेवावी लागते. म्हणून एक डायपर, वाइप्स, एक बाटली आणि एक खेळणं असलेली छोटी पिशवी वेगळी ठेवा.

मांडीवरच्या बाळासाठी वेगळा छोटा पट्टा देतात, तो तुमच्या पट्ट्यात अडकवायचा असतो. उड्डाण आणि लँडिंगला कॅरियरमध्ये ठेवू देत नाहीत.

---

कोयनाकाठ

किती छान माहिती! थेट विमानाचं तिकीट आत्ताच काढलं. बाळाचं तिकीट माझ्या भाड्याच्या साधारण दहा टक्के पडलं. बासिनेटची विनंती नोंदवली आहे, लांबीत बसते म्हणाले.

वॉशरूमचा प्रश्न सगळ्यांनी शिताफीने टाळला आहे हे लक्षात आलंय :)

आणि आईने घरचं साजूक तूप, नाचणीसत्त्व आणि खिमटीचं पीठ बांधून ठेवलंय. नेता येईल ना?

---

लेकुरवाळी

टाळला नाही गं, विसरले! विमानात बसण्याआधी गेटजवळ जाऊन ये, स्ट्रोलर आत घेता येतो अशी मोठी वॉशरूम तिथे असतात. विमानात ती बासिनेटमध्ये झोपली असेल तर वरची जाळी लावून क्रूला सांगून जा. जागी असेल तर कॅरियरमध्ये बांधून सोबत. हो, तसंच. अवघड असतं पण होतं. ढगळ कुर्ता आणि इलॅस्टिकची पँट घाल, नाडी आणि जीन्स दोन्ही नको. शेजारी एखादी प्रेमळ मावशी असेल तर उड्डाणाआधीच ओळख करून ठेव, म्हणजे लेकीलाही तो चेहरा अनोळखी राहत नाही.

डायपर बदलायची घडीची फळी काही वॉशरूममध्येच असते, कोणत्या ते क्रूला विचार. दोन तासांना एक या हिशोबाने डायपर घे आणि वर चार. बाळाचे कपडे सगळेच नेतात, स्वतःसाठी एक जादा कुर्ता कुणी घेत नाही. तो घे.

---

राईनकाठचा_मराठी

तूप नको. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, त्यात साजूक तूपही आलं. कस्टमने पकडलं तर काढून घेतात, वर दंडही होऊ शकतो. बाळाच्या दुधाची पावडर मात्र चालते: २ किलोपर्यंत, कंपनीच्या मूळ पॅकिंगमध्ये, फ्रिजची गरज नसलेली. वापरात असलेला डबा उघडा असला तरी चालतो. नाचणीसत्त्व आणि तांदूळ-मुगाचं पीठ न्या, पण नाचणीसत्त्वात दूध पावडर मिसळलेली नाही ना बघा. तुपासाठी आईंची समजूत तुम्हीच घाला. जर्मन सुपरमार्केटमधलं बिनमिठाचं बटर कढवलं की उत्तम तूप होतं.

बाळाच्या दुधाला आणि खाण्याला १०० मिलीचा नियम लागत नाही, पण तपासणीत ते वेगळं काढून दाखवायचं. थर्मास रिकामा नेऊन आत गेल्यावर गरम पाणी भरून घेणं सोपं. विमानातलं गरम पाणी चहाचं असतं, गार पाणी मिसळल्याशिवाय बाटलीत ओतू नका.

नवरा सोबत नाही, तर त्याच्याकडून सहीचं संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची प्रत घ्या. कुणी विचारेलच असं नाही. विचारलं तर रात्री दोन वाजता फोनाफोनी नको.

---

जुळ्यांचीमावशी

वाचतेय. थोडं अवांतर: मी आणि बहीण, दोघींची बाळं मांडीवर, पुणे ते दिल्ली. एकाच रांगेत शेजारी जागा दिसत असूनही देत नाहीयेत. का?

---

तळमजला

ऑक्सिजनच्या मास्कमुळे. छोट्या विमानात तीन सीटच्या वर सहसा चार मास्क असतात, म्हणून एका बाजूच्या तीन सीटमध्ये मांडीवरचं एकच बाळ चालतं. मधल्या वाटेच्या अल्याड-पल्याड मागा, मिळेल. देशांतर्गत असलं तरी दोन्ही बाळांचे जन्मदाखले सोबत ठेवा, काउंटरवर वयाचा पुरावा बघतात.

---

जुळ्यांचीमावशी

धन्यवाद! पुढे पासपोर्टही काढायचाय त्यांचा.

---

राईनकाठचा_मराठी

१ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेचा पुरावा म्हणून फक्त जन्मदाखलाच चालतो. त्यामुळे दाखल्यावर बाळाचं आणि आईवडिलांचं नाव तुमच्या पासपोर्टसारखंच लिहिलंय ना ते आधी तपासा. मग अर्ज.

---

कोयनाकाठ

तुपाची बातमी आईला सांगितली. ती जर्मन सरकारवर नाराज आहे. शेवटचा प्रश्न: फ्रँकफर्टला उतरल्यावर स्ट्रोलर विमानाच्या दाराशीच मिळेल ना?

---

राईनकाठचा_मराठी

खात्री नाही. कधी दाराशी देतात, कधी तो मोठ्या सामानाच्या पट्ट्यावर, म्हणजे 'श्पेरगेपेक' लिहिलंय तिथे, येतो. उतरताना क्रूला विचारा आणि तो मिळेपर्यंत कॅरियर अंगावरच ठेवा, पासपोर्टच्या रांगेपर्यंत बरंच चालावं लागतं. शक्य असेल तर सगळे उतरून गेल्यावर शांतपणे उतरा.

नवऱ्याला टर्मिनल १ च्या आगमन कक्षात उभं राहायला सांगा. ट्रेनने जाणार असाल तर लांब पल्ल्याच्या गाड्यांचं स्टेशन टर्मिनलला जोडूनच आहे, श्टुटगार्ट सव्वा-दीड तास. त्याने गाडी आणली तर त्यात बेबी सीट बसवूनच आणायची, मांडीवर घेऊन नेता येत नाही. आणि ती सीट आदल्या दिवशी एकदा बसवून बघायला सांगा, पार्किंगमध्ये सूचनापुस्तिका वाचत बसायला नको.